क्यूब फेल आलेत आणि रजिस्टरवर सही मागतायत, काय करावं?

रावेत_क्यूसी

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज, कारण माझं डोकं चालत नाहीये.

मी सिव्हिलचा, रावेतच्या बाजूला एका रेसिडेन्शियल साइटवर क्वालिटी बघतो. बिल्डर कोण, आरएमसी (प्लांटवरून तयार काँक्रीट देणारे) कुणाची ते विचारू नका, लिहिणार नाही. झालंय असं की पाचव्या मजल्याचे कॉलम एम 35 मध्ये, म्हणजे 28 दिवसांनी 35 ची ताकद द्यायला पाहिजे अशा काँक्रीटमध्ये भरले होते, त्याचे 28 दिवसांचे क्यूब (त्याच मालाचे ठोकळे, मशीनवर फोडून ताकद बघतात ते) फोडले तर 27.1, 28.4 आणि 26.6 आले. 7 दिवसांचे पण 18 च्या आसपासच होते, तेव्हाच मी बोललो होतो, तर म्हणाले स्लॅगचं (भट्टीच्या मळीच्या पावडरचं) मिक्स आहे, हळू चढतं, 28 ला येईल. नाही आलं. आणि तोपर्यंत वर तीन स्लॅब पडलेत, बिल्डिंग 22 मजली आहे, म्हणजे त्या कॉलमवर खरा लोड यायचा अजून बाकीच आहे.

कमी का आले असतील ते पण मला माहितीये. त्या दिवशी पुनावळ्याच्या अंडरपासला ट्रॅफिक तुंबलेलं, गाड्या अडकल्या, चलनावरची बॅचिंगची (प्लांटवर माल मिसळल्याची) वेळ बघितली तर दोन तास होऊन गेलेले. माल घट्ट झाला, पंप चोक व्हायला लागला आणि ऑपरेटरने सरळ नळी लावून ड्रममध्ये पाणी सोडलं. मी अडवलं तर फोरमन म्हणाला साहेबांना विचारा, साहेब फोनवर म्हणाले चालू दे, पंप बंद पडला तर लाइन साफ करायला दिवस जाईल. मी पोअर कार्डच्या रिमार्कमध्ये गाडी नंबर टाकून साइटवर पाणी मिसळलं असं लिहिलं, ते कार्ड फाइलला आहे.

आता पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) म्हणतायत की जास्त सिमेंट मारून नवीन क्यूब भर, क्यूबवर ऑइल पेंटने जी तारीख घालतो ती जुनी घाल, लॅबला पाठव आणि रजिस्टरला सही कर. लॅबवाले काय, समोर ठेवलेला क्यूब फोडतात आणि रिपोर्ट देतात. स्ट्रक्चरल कन्सल्टंटची व्हिजिट जवळ आलीय, त्याच्या आत फाइल क्लीन पाहिजे. वर म्हणतात तुझी एकच तर सही आहे रे, तुझ्या आधीचा क्यूसीवाला पण करायचा.

मला नोकरीला लागून फार वर्षं झालेली नाहीत, घरी सांगितलं तर वडील म्हणाले वाद घालू नको. डॉक्टरांना जशी कौन्सिल असते, नियम असतात, तसं आपल्याला काही आहे का? कोड ऑफ कंडक्ट म्हणून कॉलेजला एक पेपर होता, पाठ करून पास झालो, पण तो कोड अशा वेळी माझ्या बाजूने उभा राहतो का? आणि मी उद्या सकाळी साइटवर जाऊन नक्की काय करू?

स्ट्रक्चरवाली_कोथरूड

सही करू नकोस. हे आधी, आता बाकीचं.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत आहे, म्हणजे ज्या व्हिजिटसाठी तुमची फाइल क्लीन करायची चाललीय ती व्हिजिट करणाऱ्यांपैकी. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते. क्यूब फेल जाणं ही जगबुडी नाही रे. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या साइटवरून फोन येतो की क्यूब कमी आलेत, आणि त्याला रस्ता आहे, तो आयएस 456 मध्येच, म्हणजे आपल्या काँक्रीटच्या कोडमध्येच लिहिलेला आहे. पण तो रस्ता सुरू कधी होतो? मला कळल्यावर. तुम्ही जुनी तारीख घालून नवीन क्यूब फोडला की माझ्या टेबलवर 38 चा रिपोर्ट येतो, मी पान उलटते, आणि त्या कॉलमकडे पुन्हा कुणीही बघत नाही. बिल्डिंग उभी आहे तोपर्यंत नाही. खोट्या रजिस्टरने काँक्रीट तर सुधारत नाहीच, वर ते दुरुस्त करता आलं असतं ती एकमेव संधी जाते. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं.

आता तुझे आकडे. तीनही क्यूबची सरासरी 27.4 च्या जवळ येते, तिन्ही एकमेकांच्या 15 टक्क्यांच्या आत आहेत, म्हणजे एखादा क्यूब खराब भरला होता असं म्हणून सँपल बाद करता येणार नाही. एम 35 ला एका सँपलने निदान 32 तरी द्यायला पाहिजे, इथे तर बरंच खाली आहे. तरी आधी मशीनचं कॅलिब्रेशन आणि क्यूब टाकीत बुडालेले होते का ते तपासायचं, मग जागेवर कॉलम न फोडता रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक टेस्ट. हॅमरवर एकट्यावर विसंबू नका, त्याचा अंदाज 25 टक्के इकडेतिकडे जातो, तो फक्त कुठले कॉलम जास्त कमकुवत दिसतात ते दाखवायला चांगला. मग कोअर, म्हणजे कॉलममधूनच ड्रिलने काढलेले गोल तुकडे. कमीत कमी तीन, त्यांची सरासरी ग्रेडच्या 85 टक्के म्हणजे तुझ्या केसमध्ये 29.75 आली आणि एकही 75 टक्क्यांच्या म्हणजे 26.25 च्या खाली नसला तर ते काँक्रीट कोडप्रमाणे स्वीकारता येतं. स्लॅगचं मिक्स असेल तर एव्हाना थोडं चढलेलं पण असेल, ते खोटं नाहीये, आरएमसीवाले अगदीच फेकत नाहीयेत. आणि कोअर पण नाही बसले तर मी मिळालेल्या ताकदीवर डिझाइन पुन्हा तपासते. बऱ्याच वेळा कॉलमची साइज ड्रिफ्टमुळे (बिल्डिंग आडवी हलू नये म्हणून) मोठी ठेवलेली असते, बसतं. नाहीच बसलं तर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नवीन सळई आणि काँक्रीटचा थर. आठव्या मजल्याला काम थांबलेलं असताना पाचव्याला जॅकेट मारणं म्हणजे खर्च आहे, उशीर आहे, पण होतं. 22 मजले चढून लोक राहायला आल्यावर तेच करायचं म्हणजे काय होईल विचार कर.

तुझी एकच तर सही आहे म्हणतात ना, एक सही काय करते ते सांगते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हॉटेलचं उदाहरण आम्हाला पहिल्या नोकरीत सीनियरने ड्रॉइंग समोर ठेवून शिकवलं होतं. लॉबीत छताला लोखंडी रॉडने टांगलेले पादचारी पूल, एकाखाली एक. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच अखंड रॉड दोन्ही पुलांमधून जात होता. एवढ्या लांब रॉडला आटे पाडणं फॅब्रिकेटरला अवघड, म्हणून दोन तुकडे केले, वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. कागदावर किरकोळ बदल दिसतो. पण वरच्या बीमखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे दुप्पट. त्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनियरचा शिक्का पडला, जोडाचं गणित कुणी केलंच नाही. 17 जुलै 1981 ला गर्दी असताना ते पडले, 114 माणसं गेली. जबाबदार दोन इंजिनियर म्हणाले की बदल फॅब्रिकेटरचा होता, बोर्डाने ऐकलं नाही, दोघांची लायसन्स गेली. आणि त्यांनी तर मुद्दाम काही लपवलंही नव्हतं. तुला जे करायला सांगतायत ते माहिती असून करायचंय.

प्रॅक्टिकल_वाकड

ताईंचं सगळं बरोबर आहे पण दुसरी बाजू कुणीतरी सांगायला हवी म्हणून लिहितो, राग मानू नका.

मी पण साइटवरच होतो बरीच वर्षं. भावा, पुण्याची बांधकाम लाइन लहान आहे, वाकडपासून वाघोलीपर्यंत सगळे पीएम एकमेकांना ओळखतात. तू मेलवर मेल टाकलेस तर हा पोरगा कटकटी आहे एवढीच बातमी पुढे जाते, का टाकले ते कुणी विचारत नाही. रिलीव्हिंग लेटर अडकवतात, शेवटचा पगार लटकतो. मी हे माझ्या सोबतच्या चांगल्या चांगल्या पोरांच्या बाबतीत बघितलंय म्हणून पोटतिडकीने सांगतोय. सही नको करू, शंभर टक्के नको करू, पण लढाई पण नको करू. रजा टाक, दुसरीकडे इंटरव्ह्यू दे आणि गुपचूप निघ. घर चालवायचं असतं प्रत्येकाला.

आणि अजून एक, डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच की. काँक्रीटला 1.5 असतो. 35 चं 27 आलं तर लगेच काही पडत नाही.

स्ट्रक्चरवाली_कोथरूड

नोकरीचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही, मी ते कमी लेखत नाहीये. पण फॅक्टरचं सोडून देता येत नाही कारण हे वाक्य मी प्रत्येक साइटवर ऐकते.

तो 1.5 आपल्याला उधळायला दिलेला नाहीये. व्हायब्रेटर नीट न लागणं, कॉलम ओळंब्यात नसणं, क्युरिंगला गोणपाट दुपारी कोरडं पडणं, कव्हर कमीजास्त होणं, हे सगळं त्यातूनच जातं, आणि हे सगळं तुमच्या त्याच कॉलममध्ये पण झालेलंच असतं, क्यूबमध्ये नसतं. क्यूब तर लाडाने भरलेला असतो. म्हणजे क्यूब 27 असेल तर कॉलम त्याहून कमी धरा. शिवाय स्लॅब बिघडला तर आधी वाकतो, तडे दाखवतो, लोक घाबरून बाहेर पडतात. कॉलम तसा वेळ देईलच असं नाही.

चाकण_क्वालिटी

सिव्हिलचा नाहीये, ऑटो कंपोनंटमध्ये आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे क्यूबच्या जागी रीडिंग असतात. कस्टमरला पीपीएपी (पार्ट मंजूर करून घ्यायची फाइल) सबमिट करायचं असतं, त्यात डायमेन्शन रिपोर्ट, कपॅबिलिटी स्टडी, आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघायचीय. मग कुणीतरी म्हणतं अरे बसून भर ना, मधल्या टॉलरन्सला चारपाच आकडे फिरवून टाक. नवीन पोरांना तर वाटतं रीडिंग बसूनच भरायची असतात, मोजतात हे माहितीच नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण ही पोरं हुशार आहेत, एमआयडीसीत येताना हातात व्हर्निअर घेऊन मोजायच्या उत्साहाने आलेली असतात.

आमच्याकडे पण सरळ वाट असते, तिला डिव्हिएशन म्हणतात. पार्ट मापात नाही, एवढा एवढा बाहेर आहे, एवढ्या क्वांटिटीपुरता चालेल का, असं कस्टमरला लेखी विचारायचं. दर वेळी नाही म्हणत नाहीत ते, जिथे फिटमेंटला फरक पडत नाही तिथे हो म्हणतात. पण विचारायला लाज वाटते, म्हणून खोटं लिहितात. तुमचे पीएम पण बहुतेक त्याच लाजेत अडकलेत, माणूस वाईट असेलच असं नाही.

फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण 2015 ला बाहेर आलं तेव्हा आमच्या शॉपवर महिनाभर तोच विषय होता, कारण इथलाच चाकणचा प्लांट आणि इथल्याच पौड रोडच्या एआरएआयने (गाड्या तपासणाऱ्या संस्थेने) गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या, रस्त्यावर धूर लॅबपेक्षा कितीतरी जास्त निघाला. त्यानंतर भारतात तीन लाखांच्या वर गाड्या रिकॉल करायची घोषणा झाली. आता त्यात सॉफ्टवेअर काय करत होतं, तर गाडी टेस्ट बेंचवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. हे कुणीतरी बसून लिहिलं ना, टेस्ट केलं ना, रिव्ह्यू केला ना? एकट्या सीईओचं काम नाही ते. अमेरिकेत त्या केसमध्ये ज्यांना शिक्षा झाली त्यात एक इंजिनियर होता, 40 महिने तुरुंग. वरून आलं म्हणून केलं, हे कोर्टात फार पुढे गेलं नाही.

प्रॅक्टिकल दादा, तुम्ही म्हणता गुपचूप निघ. निघाला समजा. मग त्याच्या जागी कालच पास झालेला येणार, त्याला 27 आलं होतं हेच माहिती नसणार आणि तो सही करणार. कॉलम तिथेच.

निवृत्त_पाटबंधारे

बाळा, तू दोन प्रश्न विचारलेस. पहिल्याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालो, आता सदाशिव पेठेत असतो.

वकिलांना 1961 चा कायदा आहे, आर्किटेक्टना 1972 चा, सीएंना 1949 चा. त्यांची कौन्सिल नाव काढून टाकू शकते. इंजिनियरांना देशभर लागू असा एकही कायदा नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स 1920 सालची संस्था, तिची आचारसंहिता आहे आणि तीत लोकांची सुरक्षितता वर ठेवलेली आहे, पण ती सभासदांपुरती. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनियरला लायसन्स देते, त्यालाही जबाबदारी आहे. पण साइटवरचा तुझ्यासारखा इंजिनियर कुठल्याच रजिस्टरात नसतो. हे चूक आहे असं मला ठामपणे वाटतं, इतक्या वर्षांत यावर कायदा व्हायला हवा होता.

म्हणून तो कोड तुझ्यासाठी उभा राहील का, तर परिषद म्हणून कुणी येणार नाही. पण जबाबदारी मात्र येते, ती फौजदारी कायद्याने येते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी 304 अ होतं, दोन वर्षांपर्यंत, आता न्याय संहितेत कलम 106 आहे, पाच वर्षांपर्यंत. आणि धोका माहिती असून केलं असं दिसलं तर त्याहून जड कलम लागतं. सीएसएमटीचा पादचारी पूल 2019 ला पडला तेव्हा ज्याने तो ऑडिटमध्ये ठीक ठरवला होता त्याला अटक झाली. घाटकोपरचं होर्डिंग मे 2024 मध्ये पडून 17 माणसं गेली, तिथेही स्थिरतेचं सर्टिफिकेट देणारा इंजिनियर आत गेला. पोलीस आधी कागद जप्त करतात आणि कागदावर सही कुणाची ते बघतात. तुझ्या साहेबांनी फोनवर सांगितलेलं कागदावर कुठेच नसतं.

शिवाय तुमचा प्रोजेक्ट महारेरात असणार. ग्राहकांच्या पैशातला 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतो आणि तो काढायला आर्किटेक्ट, इंजिनियर, सीए तिघांची सर्टिफिकेटं लागतात. क्वालिटीचंही सर्टिफिकेट इंजिनियर देतो. तो इंजिनियर तुझ्या रजिस्टरवर विसंबून सही करतो. तू खोटं लिहिलंस तर त्याचंही खोटं होतं, त्याला पत्ताही नसताना.

पुण्यात बसून हे बोलताना पानशेत आठवल्याशिवाय राहत नाही. मी तेव्हा शाळेत होतो. 12 जुलै 1961. मातीचं धरण, विमोचकाचं (पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचं) काम पुरं झालेलं नव्हतं, दरवाजे नीट बसलेले नव्हते, तरी त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं. पाणी अर्धवट कामातून आदळत जायला लागलं, वरचा मातीचा भराव खचायला लागला. आदल्या रात्री जवान वाळूची पोती टाकत होते. सकाळी धरण गेलं, मग खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात. पुढे खात्यात आल्यावर ते प्रकरण मी जेवढं मिळालं तेवढं वाचलं. माझं मत असं झालं की काम अपुरं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहिती होतं, पाणी अडवू नका हे वेळेवर आणि ठामपणे सांगण्याची सोय मात्र नव्हती. तुझ्या साइटवर आज ती सोय आहे, तिचं नाव एनसीआर आहे, म्हणजे काम निकषात बसत नाही असा लेखी रिपोर्ट. ती वापर.

एकट्याने फार पुढे जाऊ नकोस एवढंही सांगतो. सत्येंद्र दुबे म्हणून आयआयटीचा इंजिनियर होता, महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्याने पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाला होता, ते फुटलं, 2003 च्या नोव्हेंबरात गयेला त्याचा खून झाला. तुझं प्रकरण त्या जातीचं नाही, घाबरू नकोस. पण रेकॉर्ड चार ठिकाणी असावं आणि कन्सल्टंटला माहिती असावी, म्हणजे तू एकटा राहत नाहीस. पेपरवाले, व्हॉट्सॲप ग्रुप यांच्याकडे आत्ता जायचं नाही. आधी साइट, मग कन्सल्टंट, मग कंपनीचं हेड ऑफिस. या सगळ्यांनी दाबलं तर महापालिका आणि महारेरा आहेतच.

स्ट्रक्चरवाली_कोथरूड

काकांच्या एनसीआरला धरून, मेल कसा लिहायचा ते सांगते कारण इथेच पोरं घसरतात. भावना नको, आरोप नको, पीएमने खोटे क्यूब भरायला सांगितले हे पहिल्या मेलमध्ये नको. साधारण असं:

"पाचवा मजला, कॉलम, एम 35, पोअर कार्ड क्रमांक अमुक. 28 दिवसांची ताकद 27.1, 28.4, 26.6. ग्रेडच्या निकषात बसत नाही. पोअर कार्डवर साइटवर पाणी मिसळल्याची नोंद आहे, चलनावर बॅचिंगपासून दोन तासांपेक्षा जास्त वेळ दिसतो. कार्ड, चलनं आणि क्यूब रिपोर्ट जोडले आहेत. जागेवरच्या तपासणीसाठी आणि पुढचे कॉलम भरण्याआधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा निर्णय हवा."

बस. पीएमला, कॉपी कन्सल्टंटला. क्यूसीने एनसीआर काढणं हे क्यूसीचं रोजचं कामच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि मेल टाकायच्या आधी पीएमच्या केबिनमध्ये जा, तोंडाने सांग की सर मी हे पाठवतोय, कारण नंतर पाठीमागून वार केला असं त्यांना वाटायला नको. त्यांना सुटायला वाट पण दे: कोअर बसले तर सगळेच सुटतो, हे सांग.

हप्ता_चालू_आहे

मी इंजिनियर नाही, पुनावळ्याला फ्लॅट बुक केलाय, दर महिन्याला हप्ता जातोय. सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो तेव्हा टाइल्स बघितल्या, नळ बघितले, मॉड्युलर किचन बघितलं. कॉलम कुणी दाखवत नाही आणि आम्हाला बघूनही काय कळणार. म्हणजे शेवटी या मुलासारख्या कुणीतरी रजिस्टरला जे लिहिलं त्यावरच माझी मुलं झोपणार आहेत. रेरात स्ट्रक्चरच्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर आहे असं वाचलंय, पण पाच वर्षांनी भांडण्यापेक्षा आजच कुणीतरी खरं लिहिलेलं बरं. भाऊ, तुमची बिल्डिंग माझी नसेलही, तरी मनापासून सांगतो, लिहा.

प्रॅक्टिकल_वाकड

चाकणवाल्यांचा मुद्दा लागला. मी निघ म्हणालो ते काळजीपोटी. पण मेल टाकणार असशील तर एवढं कर: ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, अप्रेझल हे आत्ताच स्वतःकडे घे, कारण नंतर लॉगिन बंद करतात. कंपनीची ड्रॉइंग वगैरे पर्सनल मेलला पाठवू नको, त्यावरून उलटी केस करतात. तुझ्या सहीचे कागद आणि स्वतःची डायरी एवढंच. आणि खरंच काढलं तर इथे लिही, माझ्या ओळखीत एकदोन कन्सल्टंट आहेत ज्यांना खरी रीडिंग आणणारी माणसं लागतात, नंबर देतो.

रावेत_क्यूसी

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला.

पीएमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. आधी खूप बोलले, तुला काय कळतं, माझी इतकी वर्षं गेली वगैरे. मग मी म्हणालो सर कोअर 85 टक्क्याला बसले तर आपण कोडप्रमाणे पास आहोत, तर जरा गप्प झाले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. मी मेल पाठवला, ताईंनी लिहिला तसाच. त्या क्यूबचा विषय पुन्हा निघाला नाही.

कन्सल्टंट व्हिजिटला आले, त्यांनी नवव्या मजल्याचे कॉलम थांबवलेत, पाचव्याला हॅमर मारून घेतला. काही कॉलम बरे दिसतायत, काही खरंच खाली. आता कोअर काढायचेत. पीएम माझ्याशी कामापुरतंच बोलतात, बाकी लोक पण जपूनच आहेत. माझं पुढे काय ते माहिती नाही, प्रॅक्टिकल दादा, कागद काढून ठेवलेत.

प्रश्न असा की कॉलम 300 बाय 900 आहेत, रिंगा जोडाजवळ 100 ला आहेत, सळई कापली जाऊ नये म्हणून कोअर नक्की कुठे घ्यायचा? ड्रिलिंगवाला म्हणतो वरच्या बाजूला घेऊ, तिथे मशीन बसवायला सोपं पडतं.

स्ट्रक्चरवाली_कोथरूड

वरच्या बाजूला अजिबात नको. कॉलम भरताना पाणी वर येतं, वरच्या फूटभरातलं काँक्रीट नेहमीच कमजोर असतं, तिथला कोअर तुमच्यावर अन्याय करेल. अगदी तळाला पण नको, तिथे जास्त येईल. मधल्या उंचीला घ्या, तिथे रिंगांचं अंतर पण वाढलेलं असतं, 900 च्या फेसवरून आत. रीबार लोकेटर फिरवून सळई आणि रिंगा खडूने मार्क करा, मगच मशीन लावा. 20 एमएमची खडी आहे ना, मग 75 चा कोअर चालेल, 150 लांबी मिळाली की टेस्टला बरोबर बसतो.

कुठले कॉलम ते तुझ्या पोअर कार्डवरून ठरवा. पाणी घातलेल्या गाडीचा माल कुठे गेला आणि चांगल्या गाडीचा कुठे, दोन्हीकडचे घ्या, नाहीतर सगळे चांगल्याच बाजूचे काढले असं होईल. कोअर बाहेर आला की तिथल्या तिथे त्यावर कॉलम नंबर लिहा, आणि आरएमसीवाल्यांचा माणूस समोर उभा ठेवून त्याची पण सही घ्या, कारण कमी आलं की ते म्हणतात हा आमचा मालच नाही. भोक त्याच दिवशी नॉन श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या मसाल्याने) भरून घ्या, उद्यावर ठेवू नका.

रावेत_क्यूसी

ओके ताई. शनिवारी मशीन येतंय, आरएमसीवाल्यांना मेल टाकतो आत्ताच. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकीन, जे येतील ते.